जुन्या जीपचं पुढचं कडबोळं: सुटे भाग जुळवावेत की अख्खा एक्सल बदलावा?

माझ्या मावसभावाने कुडाळच्या बाजूला एक जीप बघितली. मूळची सीजे (सिव्हिलियन जीप) घराण्यातली फोर बाय फोर, कुणीतरी मागे हौदा बसवून पिकअप केलेली. बागेतून आंब्याच्या पेट्या काढायला अगदी हवी तशी. रंग नवा, टायर नवे, सीट कव्हरवर वाघाचे पट्टे. चालवायला घेतली तेव्हा पन्नासच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. विकणारा म्हणाला, "अलाइनमेंट करून घ्या, बाकी काय नाय."

आमचा मिस्त्री गाडीखाली गेला आणि पाच मिनिटांनी बाहेर आला. म्हणाला, "उजव्या पाट्याची आवस (आई) येगळी, डाव्याची येगळी. भाव-भाव म्हणान कशे नांदतले?"

प्रश्न इथेच सुरू होतो. अशी गाडी घ्यायची असेल, किंवा घेऊन बसला असाल, तर रस्ते दोन. एक, जागच्या एक्सलवर (दोन्ही चाकं ज्याच्या टोकांना बसतात त्या आडव्या कण्यावर) पाटे (कमानीच्या स्प्रिंगमधल्या पोलादी पट्ट्या), शॅकल (कमानीचं एक टोक चासीला टांगणारा हलता दुवा), बुश (पिनेभोवतीची नळी) असे सुटे भाग जुळवून आणायचे. दुसरा, एकाच गाडीतून निघालेला पुढचा अख्खा एक्सल बसवायचा. तिसराही रस्ता लोक सुचवतात: २०१० साली आलेल्या थारसारखं टॉर्शन बारवालं (पाट्यांऐवजी पीळ घेणाऱ्या सळईचं) स्वतंत्र सस्पेन्शन घालायचं. चासीच कापावी लागते. कामाच्या गाडीला त्या वाटेला जाऊ नका, एवढंच सांगून मी तो सोडून देतो.

दोन्हींतला कुठला, हे खिशावर नंतर ठरतं. आधी बेमेळ नेमका कुठे आहे ते ठरायला हवं, आणि त्याला टेप, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आणि सपाट जमीन पुरते.

सुरुवात पाट्यांपासून करा, पण पाटे मोजून थांबू नका. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. लांबी-रुंदी तीच धरली तर सहा मिमीचे दहा पाटे आणि सात मिमीचे आठ पाटे यांत आठवाली कमान सव्वापटीहून जरा जास्तच कडक निघते. म्हणजे ज्या बाजूला पाटे कमी, ती बाजू नरम असं डोळ्यांनी वाटतं आणि असतं उलटं. आपल्याकडे आणखी एक फसवणूक आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पाट्यांच्या मधे गंज फुगतो आणि कमान जाड दिसते. म्हणून आधी तारेचा ब्रश मारायचा, मग एकेक पाटा वेगळा मोजायचा. जुन्या सीजेच्या पुढच्या पाट्याची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे साधारण ४४ मिमी. एका बाजूला ४४ आणि दुसऱ्या बाजूला ५० भरली तर पुढे विचारायचं काही उरत नाही.

मग सेंटर बोल्टपासून (कमानीचे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टपासून) कमानीच्या मागच्या पक्क्या पिनेपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंना. हे माप कुणी घेत नाही आणि खोट बहुतेक इथेच लपलेली असते. ते वेगळं असेल तर एक्सल गाडीखाली तिरका बसलाय. गाडी खेकड्यासारखी चालणार आणि टायर खाणार. अलाइनमेंटवाला टाय रॉड (पुढची दोन चाकं एकत्र वळवणारी दांडी) फिरवून चाकं समांतर करून देईल, एक्सलचा तिरकेपणा तसाच राहील.

शॅकल बघताना लांबी तर बघाच, पण जात बघा. जुन्या विलीज जीपला (सीजे जिच्यावरून आली ती) आटे पाडलेले यू आकाराचे शॅकल आणि आटेवाले बुश असत. त्यांत काही उलट्या आट्यांचे असतात आणि त्यांच्या खालच्या दांड्यावर ओळखीसाठी छोटा उंचवटा ठेवलेला असतो. नंतरच्या लोकांनी त्याजागी पट्टीचे शॅकल आणि रबरी बुश घातले. दोन्ही चालतात, पण एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते असं चालत नाही. सीजेत पुढच्या कमानीचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, त्यामुळे गाडी उंच करायला कुणी लांब शॅकल घातलं की कमानीचं पुढचं टोक खाली जातं, किंग पिनचा (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनेचा) माथा पुढे कलतो आणि कॅस्टर (त्या पिनेचा मागे कललेला कोन) कमी होतो. विलीजच्या पुस्तकात कॅस्टर तीन अंश आहे. तो एक-दीडवर आला की स्टिअरिंग सरळ परत येत नाही आणि चाकं थरथरतात. भावाच्या गाडीची थरथर यातूनच होती.

प्रत्येक फरक मात्र जुगाड नसतो. युद्धकाळातल्या विलीज एमबीला फक्त डाव्या पुढच्या कमानीखाली एक जादा टॉर्क रिअॅक्शन स्प्रिंग कारखान्यातूनच यायची. खरी एमबी हातात आली तर ती काढून टाकून "जुळवणी" करू नका.

आता निर्णय ज्यावर फिरतो ते माप. मोबाईलमधला कोन मोजणारा ॲप किंवा गवंड्याचा कोनमापक घ्या, दोन्ही नकलवर (एक्सलच्या टोकाला चाक धरून वळवणाऱ्या भागावर) एकाच मशीन केलेल्या जागी ठेवा आणि कॅस्टर वाचा. एक्सल अखंड लोखंडी आहे, पाटे किंवा शॅकल बदलले तर दोन्ही बाजूंचा कॅस्टर जवळपास सारखाच हलतो. त्यामुळे दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर खोट कमानीत, शॅकलमध्ये किंवा मधल्या पाचरीत आहे आणि सुटे भाग पुरतील. डावी-उजवीकडे ठळक फरक दिसला तर एक्सलची नळी पिळलेली आहे किंवा एका टोकाला दुसऱ्याच गाडीचं नकल बसवलंय. तिथे पाट्यांवर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, हेही ताडून बघता येतं.

आणि ब्रेकचे ड्रम काढा. जीपमध्ये ९ इंचाचे, १० इंचाचे आणि ११ इंचाचे असे ड्रम येऊन गेले. एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला ११ असले तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढणारच, आणि खापर सस्पेन्शनवर फुटतं. आमच्या गाडीत तसंच निघालं.

सुटे भाग जुळवणं

याचा मोठा फायदा म्हणजे जे मूळ आहे ते मूळ राहतं. डिफरन्शियलचं (एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचं) गुणोत्तर, स्टिअरिंग, पाट्यांच्या बैठका, दोन चाकांमधलं अंतर, कशाला हात लागत नाही. आरटीओच्या दृष्टीनेही हे दुरुस्तीचं काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा इन्स्पेक्टर वाकून बघतो.

तोटा म्हणजे वेळ आणि चिकाटी. पाटे जोडीनेच घ्या. एक बाजू जुनी ठेवून दुसरी नवी घातली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. गावात लोहाराकडे तापवून बाक देऊन घेण्याचा मोह होतो, कारण स्वस्त पडतं. पण तापवलेल्या पाट्याला परत नीट पाणी दिलं नाही तर पोलादाचा चिवटपणा जातो आणि चिऱ्याच्या दोन खेपांत तो बसतो. आटेवाले शॅकल ठेवलेत तर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस हवंच. पावसात व्हाळातून गाडी काढत असाल तर त्याहून लवकर. रबरी बुशला ग्रीस लावायचं नसतं, ते रबर खातं.

अख्खा एक्सल

नळी पिळलेली असेल किंवा नकल दोन गोत्रांतली असतील तर माझा कौल इकडे. पाटे, यू बोल्ट, शॅकल, नकल, दोन्ही ड्रम, टाय रॉड हे सगळं एकाच गाडीतून निघालेलं हवं. भंगारवाल्याने "हा एक्सल या दुकानातला, ड्रम त्या दुकानातले" म्हटलं की उठा. कडबोळं विकत घेऊन कडबोळं बदलण्यात काय अर्थ!

उघड्या नकलचा एक्सल मिळाला तर कोकणात मोठी सोय. जुन्या बंद नकलच्या गोळ्याला नमद्याचं सील असतं. ते गेलं की पाणी आत, ग्रीस ताकासारखं पांढरं, आणि बेअरिंग वाजू लागेपर्यंत कळतही नाही. उघड्या नकलमध्ये खराबी समोर दिसते.

पण गुणोत्तर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपच्या एक्सलमध्ये ५.३८ आणि ४.८८ ही दोन्ही येतात, म्हणजे आठ दातांच्या पिनियनवर (शाफ्टकडून फिरणाऱ्या छोट्या गिअरवर) ४३ किंवा ३९ दातांचा क्राऊन (चाकं फिरवणारा मोठा गिअर). मागे एक आणि पुढे दुसरं असेल तर टू-व्हीलमध्ये काहीच जाणवत नाही. घाटात चिखलात फोर-व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि भुर्दंड ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) भरतं. मोजणं सोपं आहे. एक चाक घट्ट धरून दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या टोकाचे फेरे मोजा. पाच आणि तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त भरले तर ५.३८, पाचाला जरासे कमी भरले तर ४.८८. त्याबरोबर पाट्यांच्या दोन बैठकांमधलं अंतर आणि डिफरन्शियल कुठल्या बाजूला आहे तेही बघा. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट उजवीकडून निघतो. डावीकडचं डिफरन्शियल फुकट मिळालं तरी उपयोग नाही.

भावाच्या जीपचा कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखाच दीड भरला, नकलही जोडीची निघाली. म्हणून त्याने एक्सल ठेवला. पाट्यांची नवी जोडी, मूळ लांबीचे शॅकल, दोन्हीकडे सारखे ड्रम, एवढंच ठरलं, आणि तेवढी रक्कम त्याने गाडीच्या किमतीतून कापून घेतली. पाटे आणायला करूळ घाटाने कोल्हापूरला निघाला तेव्हा मिस्त्रीने त्याच्या मोबाईलमधले फोटो बघितले, मान हलवली आणि जुना मेन पाटा गोणपाटात गुंडाळून टपावर बांधून दिला.