टूस्ट्रिंग थेट तपासावी की छापलेलं आउटपुट पकडावं?

जावात प्रिंटलनला, म्हणजे कन्सोलवर ओळ छापणाऱ्या मेथडला, ऑब्जेक्ट दिला की तो आतून टूस्ट्रिंग, म्हणजे ऑब्जेक्टचं मजकुरातलं रूप देणारी मेथड, बोलावतो. मग चाचणी कुठे लावायची? टूस्ट्रिंग थेट बोलावून असर्टइक्वल्सला (अपेक्षित आणि आलेली किंमत जुळते का हे पाहणाऱ्या मेथडला) दिली की काम दोन ओळींत संपतं, आणि रोजच्या क्लाससाठी मी हेच करतो. पण ऑब्जेक्टच्या जागी नल (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) आला तर थेट कॉल एक्सेप्शन, म्हणजे चालू असताना येणारी चूक, फेकतो. प्रिंटलन मात्र मुकाट ‘नल’ छापतो. कॅरॅक्टर अ‍ॅरेचंही (अक्षरांच्या यादीचंही) तसंच: प्रिंटलन अक्षरं छापतो, टूस्ट्रिंगमधून हॅशकोड (ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा) चिकटलेलं भलतंच काही येतं. हा फरक पकडायचा तर सेटआउटने (छापलेलं कुठे जावं हे बदलणाऱ्या मेथडने) आउटपुट कन्सोलऐवजी मेमरीतल्या बाइट अ‍ॅरेकडे वळवायलाच हवं. फक्त ओळीचा शेवट विंडोजवर वेगळा असतो, तेवढं सांभाळा. आणि चाचणी संपताच मूळ स्ट्रीम परत लावा, नाहीतर पुढच्या चाचण्यांचं आउटपुट कन्सोलवर दिसणारच नाही.