भदरवाहचे लॅव्हेंडर तेल: बाटली खरी, माहितीपत्रक अतिउत्साही

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका प्रदर्शनात मी लॅव्हेंडरचा एक संच घेतला. जम्मू भागातील डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहहून आलेल्या त्या संचात 10 मिलिलिटर तेल, वाळलेल्या फुलांची पुरचुंडी आणि बियांची पुडी होती. सीएसआयआर या केंद्रीय वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या, सुगंधी पिकांना चालना देणाऱ्या अरोमा मिशनमुळे तेथील अनेक शेतकरी मका सोडून लॅव्हेंडरकडे वळले, हे ठाऊक असल्याने कुतूहल होतेच.

तेलाला मी पूर्ण गुण देईन. लेबलावर लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया हे शास्त्रीय नाव स्पष्ट छापलेले आहे आणि ते पाहूनच बाटली घ्यावी. कारण लॅव्हँडिन या संकरित झुडपातून तेल अधिक निघत असल्याने ते स्वस्त पडते, पण त्यात कापराचा अंश जास्त असल्यामुळे वास नाकात चढतो. या तेलाचा वास मऊ, गोडसर आहे. रुमालावर दोन थेंब टाकून तो उशीजवळ ठेवला की मला झोप लवकर लागते; यापलीकडे माझा दावा नाही. फुलांची पुरचुंडी पैठण्यांच्या कपाटात गेली, तेथे ती शोभते.

माहितीपत्रक मात्र कोमट पाण्यातून तेल पिण्याचा सल्ला देते, तो कोणीही मानू नये. जर्मनीत अस्वस्थतेवर पोटात घेण्याच्या लॅव्हेंडर कॅप्सूल मिळतात हे खरे, परंतु त्यांत प्रमाणित तेल 80 मिलिग्रॅम इतके मोजून भरलेले असते; बाटलीतल्या थेंबांना ते माप नाही. त्वचेवर लावायचे तर 30 मिलिलिटर खोबरेल तेलात 12 थेंब पुरेत. हवेच्या संपर्काने यातील लिनालूल या सुगंधी घटकाचे ऑक्सिडीकरण होऊन त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते, म्हणून जुनी, अर्धी रिकामी बाटली अंगाला लावू नये.

बियांच्या पुडीवर ‘कोणत्याही कुंडीत उगवते’ असे लिहिले आहे. भूमध्यसागरी प्रदेशातील, खडकाळ आणि चुनखडीयुक्त जमिनीत वाढणाऱ्या झुडपाविषयी असे लिहिणाऱ्याने पुण्याचा आषाढ पाहिलेला नसावा. ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या वीस बियांपैकी सहा रुजल्या. पावसाळ्यात पाच रोपांची मुळे कुजली. निम्मी जाड वाळू घातलेल्या कुंडीतले, पत्र्याच्या आडोशाला ठेवलेले सहावे रोप तेवढे तगले आहे, पण त्याला अद्याप एकही फूल आलेले नाही.