लंडनचं ॲप्सली हाउस: असई माहीत असलेल्यांनी नक्की बघा

लंडनला जाणार असाल तर हाइड पार्क कॉर्नरचं ॲप्सली हाउस लिस्टमध्ये टाकाच. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं घर आहे हे. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा एवढीच त्याची ओळख आपल्याला शाळेत होते, पण हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढून जिंकला आणि डिसेंबरात गाविलगडही घेतला. मोठा भाऊ रिचर्ड तेव्हा गव्हर्नर जनरल, आणि हे घरसुद्धा त्याने १८१७ मध्ये त्याच भावाकडून विकत घेतलं.

जिन्याच्या पायथ्याशी नेपोलियनचा पुतळा आहे, कानोवाने केलेला, जवळपास साडेतीन मीटर उंच आणि अंगावर कपडे नावालाच. नेपोलियनला स्वतःला तो आवडला नव्हता, वॉटर्लूनंतर ब्रिटिश सरकारने विकत घेतला आणि तो ड्यूककडे आला. बघत राहावा असा आहे.

पण लगेच वर पळू नका, तळमजल्यावर चांदीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांची खोली आहे ती आधी नीट बघा. त्यात डेक्कन सर्व्हिस आहे, म्हणजे चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला जेवणाचा सेट, दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी वेलस्लीला भेट दिलेला. बाकी लोक दोन मिनिटांत पुढे सरकतात, आपल्याला ते जमणार नाही. असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, इंग्रजांची दीड हजाराहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, वेलस्लीच्या स्वतःच्या अंगाखालचे घोडे पडले, आणि पुढे म्हातारपणी सगळ्यात चांगली लढाई कुठली असं विचारल्यावर त्याने वॉटर्लू नाही तर असईचंच नाव घेतलं असं सांगतात. हे सगळं डोक्यात घेऊन त्या चकचकीत भांड्यांसमोर उभं राहिलं की कौतुक वाटतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम. आपली माणसं कशी लढली हे इंग्रजांच्याच आकड्यांत दिसतं!

वरची वॉटर्लू गॅलरी भव्यच आहे, दरवर्षी १८ जूनला इथे मेजवानी व्हायची. भिंतींवरची बरीच चित्रं १८१३ मध्ये स्पेनमधल्या व्हितोरियाच्या लढाईनंतर नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्टच्या सामानात सापडलेली, स्पेनच्या राजाने ती वेलिंग्टनलाच ठेवून घ्यायला सांगितली. स्पॅनिश चित्रकार व्हेलाझकेझचं पाणी विकणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र चुकवू नका, त्या मातीच्या घड्यावरचे थेंब बघा फक्त.

घराच्या एका भागात ड्यूकचं कुटुंब अजूनही राहतं, तो भाग बघता येत नाही. पिकॅडिली लाइनने हाइड पार्क कॉर्नरला उतरा, स्टेशनला लागूनच आहे. सीझनप्रमाणे उघडं असण्याचे वार बदलतात म्हणून वेबसाइट बघूनच निघा, आणि जायच्या आधी असईच्या लढाईबद्दल थोडं वाचून जा.