'मिलिटरीची विलीज' म्हणून ३ लाख ४० हजार घालवले

जुनी जीप घ्यायची म्हणून सोलापुरात कुणी फिरत असाल तर पैसे द्यायच्या आधी माझं ऐका. मला दाखवताना सांगितलं १९४४ ची विलीज, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप, मिलिटरीच्या लिलावातली, हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा स्टार, आणि मधला माणूस ओळखीतलाच, दिवसातून चार फोन, 'मालक, अशी गाडी परत घावणार नाही, पुण्याची पार्टी उद्या येतीये'. पुण्याची पार्टी कधीच नव्हती हे आता कळतंय.

भाव कसा काढला ते सांगतो, तिथंच गंडलो. मोबाईलवर जाहिराती बघितल्या, कुणी ६ लाख लावलेत कुणी ८, म्हटलं साडेतीनच्या आत मिळतीये म्हणजे स्वस्तच की ओ. पण तो नुसता सांगायचा भाव, त्या भावाला गाडी गेली का हे कोण बघतंय. वर तो म्हणाला २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा, म्हणजे खास विंटेज गाड्यांचा नंबर मिळतो, एकदा २० हजार फी भरली की किंमत डबल. नियम खरा आहे, पण त्यात गाडी मूळ रूपात लागते, फार बदल केलेली चालत नाही, हे त्यानं गिळलं आणि मीपण वाचलं नाही.

इसार देऊन, मग बाकीचे रोख देऊन गाडी आणली आणि अक्कलकोट रोडला जुन्या मेस्त्रीकडं नेली. मेस्त्री चाचा चहा संपेस्तोवर काही बोलले नाहीत, मग पुढची जाळी बोटानं मोजली. सात फटी. लढाईच्या काळातल्या विलीजला नऊ असतात, ही आपली महिंद्राची. मग चुंबक काढलं, दाराजवळ चिकटलं, खालच्या कडेला सरळ गळून पडलं, तिथं पत्रा नव्हताच, बोटभर लांबी (पुट्टी) भरून वर रंग. बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन, महिंद्राच्या ५४० जीपला यायचं ते पूजो कंपनीचं, आणि आरसीवर पेट्रोल. मी बॉनेट आधी उघडलं नव्हतं का? उघडलं होतं, स्टार्ट एका सेल्फमध्ये झाली म्हणून खूश होतो.

मग पुढचं एक चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवलं, चाकाबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद नेणारा खालचा दांडा, फिरायला पाहिजे, तो ढिम्म. पुढच्या डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनच नाही, म्हणजे पुढची चाकं फिरवणारी गिअरची जोडीच गायब. फोर बाय फोरचा दांडा मात्र छान पॉलिश केलेला.

नावावर करायला गेलो तर फाईल परत, कारण इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही. विकणारा म्हणाला 'करून देतो', मग फोन बंद.

चाचांचा हिशोब साधा होता. आधी कागद, चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघायचे, नाही जुळले तर ती गाडी नाही, भंगार आहे, किलोवर भाव करायचा. जुळले तर चालू कंडिशनचा भाव धरायचा आणि पत्रा, पुढचा ॲक्सल, गिअरबॉक्स, टायर, जे करावं लागेल ते मजुरीसकट वजा करायचं. माझ्या गाडीचा त्यांनी काढलेला आकडा इथं लिहीत नाही, घरचे पण वाचतात.

परवा त्याच माणसाची नवीन जाहिरात आली, सिद्धेश्वर तलावाजवळ उभी केलेली हिरवी जीप, 'ओरिजिनल १९४२'. फोटो झूम केला. सात फटी.