गेमचा स्क्रीनशॉट छापायचाय? पुन्हा काढा, हाताने सुधारा की एआयला द्या

दिवाळी तोंडावर आली की गोव्यात फोंडा-म्हापशाकडची पोरं नरकासुराच्या पुतळ्याच्या मागे लागतात. हल्ली मुखवट्याचा नमुना म्हणून त्यांच्या मोबाइलमधून हमखास गेममधला एखादा राक्षस बाहेर निघतो. शिंगं अशी हवीत, दात तसे हवेत. मग कुणीतरी म्हणतं, ए३ कागदावर प्रिंट काढू, मंडळाच्या फ्लेक्सवरही टाकू. मॉनिटरवर करकरीत दिसणारं ते चित्र छापून आलं की कडा पायरीपायरीच्या, अंधारात चौकोनी डाग आणि दातांच्या जागी पांढरा फराटा.

यावर तीन वाटा आहेत. गेम पुन्हा उघडून स्क्रीनशॉटच मोठा काढायचा. आहे ती फाइल फोटोशॉप किंवा गिंपमध्ये मोठी करून धार द्यायची. नाहीतर एआय अपस्केलरच्या, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या एआय प्रोग्रामच्या, हवाली करायची. माझा कल आधीच सांगतो. गेम मशीनवर असेल आणि त्या जागेचा सेव्ह शिल्लक असेल, तर पहिल्या वाटेला तोड नाही. उरलेल्या दोन्ही वाटा नाइलाजाच्या आहेत. पण नाइलाज बऱ्याचदा असतो, म्हणून त्यांचंही नीट बघू.

मोठं करायची गरज आहे का?

१९२०×१०८० च्या, म्हणजे फुल एचडी, स्क्रीनशॉटमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. एका इंचात ३०० पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या मापाने तो फक्त ६.४×३.६ इंच भरतो. ए३ ची लांब बाजू साडेसोळा इंच. तिथे तोच स्क्रीनशॉट ताणला तर इंचाला जेमतेम ११६ पिक्सेल उरतात. ३८४०×२१६० चा, म्हणजे ४के, असेल तर २३३ मिळतात, आणि हातात धरून बघायच्या प्रिंटला तेवढे चालून जातात. चार फुटी फ्लेक्सवर पहिला इंचाला ४० पिक्सेल देतो, दुसरा ८०. फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघतात, त्यामुळे ८० पुरतात. ४० मात्र अंगावर येतात.

यूट्यूबचा थंबनेल १२८०×७२० चा, इन्स्टाग्रामची पोस्ट १०८० पिक्सेल रुंद. या दोन्हींसाठी फुल एचडी स्क्रीनशॉट उलट लहानच करावा लागतो. लहान करताना दोष आपोआप दबतात, तेव्हा तिथे अपस्केलरच्या नादी लागणं म्हणजे वेळ घालवणं. आणखी एक: फाइलवरचा इंचाला ७२ पिक्सेल हा आकडा बदलून ३०० केला म्हणजे चित्र सुधारलं, असं समजणारे बरेच आहेत. पिक्सेल तेवढेच राहिले तर त्याने फक्त छापायचा आकार बदलतो.

पहिली वाट: पुन्हा काढणे

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर डीएसआर आणि एएमडीवर व्हीएसआर अशी सोय ड्रायव्हरमध्येच असते. मॉनिटर फुल एचडी असला तरी गेमला वाटतं की आपण ४के पडद्यावर चाललो आहोत. डीएसआरचा गुणक ४.०० ठेवा, गेमच्या सेटिंगमध्ये ३८४०×२१६० निवडा आणि स्टीमचं एफ१२ दाबा. पूर्ण ४के चित्र मिळतं. चौपट पिक्सेल, आणि त्यातला प्रत्येक गेमने स्वतः काढलेला, कुणी अंदाजाने भरलेला नव्हे. या वाटेचं सगळं मोल यातच आहे.

‘माझ्या लॅपटॉपवर ४के चालणार नाही’ हे मी वारंवार ऐकतो. खेळायला नाही चालणार, कबूल. पण स्थिर चित्राला फ्रेम रेट लागतोच कुठे? सेकंदाला दहा फ्रेम मिळत असल्या तरी बटण दाबता येतं. म्हणून खेळताना जी सेटिंग खाली ठेवता ती फोटोपुरती वर न्या: सावल्या, दूरचे तपशील, सगळं. डीएलएसएस (लहान चित्र काढून एआयने मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) ‘परफॉर्मन्स’वर असेल तर ‘क्वालिटी’वर आणा. ग्राफिक्स मेमरी चारच जीबी असेल तर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र एक पायरी खाली ठेवा, नाहीतर गेम बंद पडेल. लॅपटॉप चार्जरवर हवा, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड हात आखडतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा हे काम लाइट असताना उरकून घेतलेलं बरं.

मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा), फिल्म ग्रेन (फिल्मसारखे दाणे), क्रोमॅटिक ॲबरेशन (कडेची रंगीत झालर) हे तीन बंद करा. खेळताना ते सिनेमासारखे वाटतात, पण प्रिंटमध्ये नुसती घाण दिसते. शिवाय फिल्म ग्रेनचे दाणे पुढे एआयने ‘तपशील’ समजून ठळक केले की चेहऱ्यावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. बटण दाबण्याआधी कॅमेरा एक-दोन सेकंद स्थिर ठेवा. आजचे बहुतेक गेम कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात; कॅमेरा हलता असला की ती जुळत नाही आणि चित्र मऊ पडतं. फोटो मोड असेल तर सोन्याहून पिवळं: हेल्थ बार, मिनीमॅप गायब होतात आणि कोन मनासारखा लावता येतो.

रीशेडसारखी साधनं चित्राला वरून धार, रंग, खोली देतात आणि एकट्याने खेळायच्या गेममध्ये ती मजेशीर आहेत. ऑनलाइन गेममध्ये लावू नका. फसवणूक पकडणाऱ्या अँटी-चीट प्रोग्रामला तुम्ही फोटो काढताय की फसवणूक करताय हे कळत नाही, अकाउंट जाऊ शकतं.

कुठल्या मशीनवर खेळता, यानेही फरक पडतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग पीसीवर. त्यातला महाबलासुर नरकासुराच्या कामाला अगदी फिट. पण स्विचचं कॅप्चर बटण १२८०×७२० ची जेपीईजी देतं; पीसीवर ४के काढला तर त्याच्या नऊपट पिक्सेल मिळतात. स्विचवरचा घेऊन रात्रभर एडिट करत बसण्यापेक्षा पीसीवर तो गेम असलेला मित्र शोधलेला बरा.

फाइलचा प्रकार

जेपीईजी चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडून बारीक माहिती टाकून देते, रंगाची तर बहुतेक वेळा आणखी जास्त. फोटोत ते खपतं. गेमच्या चित्रात सरळ कडा, अक्षरं, एकसारखे रंग जास्त असतात, आणि डोळ्याला खुपणारी चूक नेमकी तिथेच होते. पीएनजी काहीच टाकत नाही. स्टीमच्या सेटिंगमध्ये अनकंप्रेस्ड प्रत ठेवण्याची सोय आहे, पीएस५ वर स्क्रीनशॉटचा प्रकार पीएनजी करता येतो, विंडोजमध्ये विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणं एकत्र दाबली की थेट पीएनजीच मिळते. विंडोजचं एचडीआर (जास्त उजेड-रंग दाखवणारी सेटिंग) चालू असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर चित्र फिकट, धुतल्यासारखं येण्याची शक्यता असते. खेळतानाचा व्हिडिओ रेकॉर्ड करून त्यातली फ्रेम उचलणे हा शेवटचा उपाय. तिथे कंप्रेशनने आधीच बरंच खाल्लेलं असतं.

दुसरी वाट: हाताने सुधारणे

गेम काढून टाकलाय किंवा स्क्रीनशॉट जुना आहे, पण मोठा फक्त दीडपट-दुप्पट करायचाय, तर मी अजूनही हीच वाट घेतो. गिंप फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. इमेज मोठी करताना इंटरपोलेशनमध्ये, म्हणजे मधले पिक्सेल भरायच्या पद्धतीत, ‘नोहॅलो’ निवडा. फोटोशॉपवाल्यांना ‘प्रिझर्व्ह डिटेल्स २.०’ आहे. धार सगळ्यात शेवटी, छापायच्या आकारावर आल्यानंतरच द्यायची. आधी शार्प करून मग मोठं केलं तर कडेची पांढरी रेघही मोठी होते. धार देणाऱ्या ‘अनशार्प मास्क’ फिल्टरचा रेडियस १ च्या आसपास ठेवा आणि जमल्यास फक्त उजेडाच्या चॅनेलवर चालवा, म्हणजे कडेला रंगीत झालर येत नाही.

संध्याकाळचं आकाश किंवा धुकं असेल तर रंग थोडा ताणला तरी पट्टे दिसायला लागतात. आठ बिटच्या चित्रात एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. काम १६ बिटमध्ये करा आणि शेवटी अगदी हलका नॉइज टाका, पट्टे विरघळतात. आधी ग्रेन बंद करा म्हणालो आणि आता नॉइज टाका म्हणतोय, हे उलटसुलट वाटेल. पण हा नॉइज शेवटी, मोजून, आपल्या हाताने टाकलेला असतो.

या वाटेची मर्यादा उघड आहे: चित्रात नव्हतं ते येत नाही. माझ्या लेखी तो तिचा गुणही आहे.

तिसरी वाट: एआय

‘अपस्केल’ (Upscayl) याच नावाचा मोफत, ओपन सोर्स प्रोग्राम आपल्याच मशीनवर चालतो, इंटरनेट लागत नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र व्हल्कन हे ग्राफिक्सचं तंत्र चालवणारं हवं. त्याच्या आत २०२१ चं रिअल-ईएसआरगॅन हे तंत्र आहे. पैसे मोजणार असाल तर टोपाझ गिगापिक्सेल आहे. फोटोशॉप आधीच असेल तर कॅमेरा रॉमधलं ‘सुपर रिझोल्युशन’ दोन्ही बाजू दुप्पट करतं, म्हणजे पिक्सेल चौपट.

पहिल्यांदा निकाल बघितला की माणूस हरखतो. कडा कोरल्यासारख्या, जेपीईजीचे डाग गायब. पण नीट बघा. देवळाच्या जत्रेतल्या नाटकात ओळ विसरलेला नट पदरचं वाक्य टाकून प्रसंग निभावतो, तसंच हे यंत्र निसटलेली माहिती आपल्या मनाने भरतं. अनोळखी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही, नाटक पाठ असलेल्याला लागतो. कातडी मेणासारखी होते, गवत कुंचल्याने ओढल्यासारखं, खांबावरच्या नक्षीतली सुटी सुटी फुलं एकमेकांत मिसळून वेलच तयार होतो. मुखवटा करणाऱ्याला नेमकी ती नक्षीच बघायची असेल तर हा धोका लहान नाही.

सगळ्यात वाईट हाल बारीक अक्षरांचे होतात, आणि देवनागरीचे तर विचारू नका: अनुस्वार उडतो, वेलांटी शेजारच्या काना-मात्रेला चिकटते. म्हणून मंडळाचं नाव, ‘शुभ दीपावली’ वगैरे आधी टाकून मग अपस्केल करू नका. चित्र मोठं झाल्यावर त्यावर अक्षरं घाला. आणि एआयचा निकाल जसाच्या तसा वापरण्याऐवजी वरच्या लेयरवर ठेवून त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५०-६० टक्क्यांवर आणा, खाली साधं मोठं केलेलं चित्र असू द्या. मेण बरंच उतरतं. चेहऱ्यापुरता लेयर मास्क लावून आणखी कमी करा.

पिक्सेल आर्टचे जुने गेम या सगळ्याला अपवाद. तिथे ना एआय, ना नोहॅलो. गिंपमध्ये इंटरपोलेशन ‘नन’ ठेवा आणि पूर्ण पटीत, तिप्पट, चौपट, असं मोठं करा. अडीचपट केलंत तर काही चौकोन जाड, काही बारीक दिसतील.

मग तुम्ही काय निवडाल?

पीसी आहे, गेम आहे, तासभर वेळ आहे: पहिली वाट, वर थोडा रंग आणि धार. स्विचवरचा किंवा मोबाइलवरचा स्क्रीनशॉट फ्लेक्सवर जायचाय: एआय चालेल, फ्लेक्सच्या अंतरावरून मेण दिसत नाही. तोच ए३ वर हातात धरून नक्षी बघायचीय: दुप्पटच्या वर जाऊ नका, हाताने करा आणि ए४ च्या प्रिंटवर समाधान माना. पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायची वेळ या तिन्हींत कुणावरच येत नाही, असं मला वाटतं. हे काम रोज करून त्यावर पोट भरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

फ्लेक्सवाल्याकडे जाताना एवढं लक्षात ठेवा, की पडद्यावरचे भडक निळे-हिरवे छपाईच्या शाईत तसे उतरत नाहीत. राक्षसाचे डोळे निऑन हिरवे असतील तर आधी छोटा तुकडा छापून बघा. आणि फाइल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की व्हॉट्सॲप ती पुन्हा दाबून लहान करतं.