घर मुलांच्या नावावर: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

आईवडील सत्तरीपुढे गेले की घरात हा विषय निघतोच. महाराष्ट्रात बक्षीसपत्राकडे ओढा जास्त, कारण राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये (काही ठिकाणी वर अधिभार). पण नोंदणी होताच घर त्यांचं झालं. उद्या मुलानं विचारणं सोडलं, तर केवळ मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही.

मृत्युपत्राचं तसं नाही. हयात असेपर्यंत मालकी तुमचीच, आणि हवं तेव्हा बदला. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. पुढे भावंडांत वाद झाला तर 'बाबांना तेव्हा कळत नव्हतं' हाच पहिला आरोप असतो.

माझं मत स्पष्ट आहे: राहतं घर एकच असेल तर मृत्युपत्रच करा. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर 'आईवडिलांचा सांभाळ करीन, ते तहहयात याच घरात राहतील' ही अट दस्तातच लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.