आहेराच्या यादीत ताटं कुठली लिहावीत: ओपल, स्टोनवेअर की स्टील?

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं तरी मामा-मावश्या ऐकत नाहीत. ऑफिसातले चौघं वर्गणी काढतात, आत्या फोन करून विचारते, “काय देऊ ते सांग, नाहीतर मी आपली घड्याळ आणीन.” म्हणून हल्ली मुलं-मुली सरळ यादी करतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात. उत्तम रीत आहे. त्या यादीतला मिक्सर आणि चादरींबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्या बदलता येतात. पण जेवायची ताटं रोज दोनदा समोर येतात, आणि एकदा घरात आली की दहा-पंधरा वर्षं हलत नाहीत. सध्या माझ्या भाचीची यादी चाललीय, त्या निमित्ताने जे तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

आमच्याकडे तिन्ही प्रकार आहेत. ओपलचा, म्हणजे पांढऱ्या दुधी काचेचा, सेट बायकोच्या मैत्रिणींनी मिळून दिला, स्टीलची ताटं आम्ही मागून घेतली होती, आणि स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीची जाड भांडी, पुढे हौसेनं आलं. त्यामुळे हे मोजमाप नव्हे, वापराचा अनुभव आहे. तुमच्या घरचं जेवण वेगळं असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल.

आधी जे यादीत नकोच ते बाजूला काढू. मेलामाईन दिसतं छान, पण मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, चरे पडतात आणि चऱ्यांत हळद बसली की बसली. बोन चायना मागायचं तर दोन्ही घरांत विचारून मागा. त्यात खरोखरच हाडांची राख असते, जुन्या इंग्लिश कृतीत तर जवळपास निम्मी. एखाद्या कट्टर शाकाहारी सासूबाईंना हे लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. काशाचं ताट मला मनापासून आवडतं. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील, कल्हई लागत नाही, आणि त्यात वाढलेला साधा वरणभातसुद्धा सणाचा वाटतो. पण चिंचेची आमटी, ताक, लिंबू या आपल्या रोजच्या गोष्टींनी ते काळवंडतं, घासायला पितांबरी आणि वेळ दोन्ही लागतं, आणि फरशीवर पडलं तर चक्क तडकतं. आजीनं एक जोडी दिली तर पाडव्याला आणि नैवेद्याला ठेवावी. रोजसाठी नको.

उरले तिघे.

स्टोनवेअरचं आधी उरकतो, कारण ते बहुतेक जण फोटो बघून घेतात. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या कामाचे रंग खरंच देखणे असतात, नाही म्हणत नाही. पण ते जड असतं. सहा ताटांची चळत वरच्या फळीवरून उतरवताना मनगट बोलतं, आणि ती चळत सिंकमध्ये बघून आमच्या मावशी काही न बोलता सगळं बोलून जातात. स्टीलचा चमचा फिरला की पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावर, करड्या रेघा उठतात. तो चरा नसतो, चमच्याचा धातू लागलेला असतो. घासून जातो, पण दर खेपेला घासायचं कुणी? ताटाच्या बुडाची कडा ग्लेझविना खरखरीत राहिलेली असेल तर खालच्या ताटावर ओरखडे पडतात. कडेचा टवका उडाला की ताट टाकवतही नाही आणि पाहुण्यांपुढे ठेवताही येत नाही. दोन खोल बाऊल मागा, फार तर. रामेन खाणारं जोडपं असेल तर त्यांना लागतीलच.

खरा सामना ओपल आणि स्टीलचा आहे.

ओपलच्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे. हलकं, पांढरंशुभ्र, हळद धरत नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये जातं. रात्री साडेनऊला घरी येणाऱ्या माणसाला ताट झाकून ठेवून द्यायचं आणि त्याने ते तसंच गरम करून घ्यायचं, ही सोय स्टील देऊच शकत नाही. नवराबायको दोघं वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणार असतील तर याच एका मुद्द्यावर ओपल जिंकू शकतं, हे मी मान्य करतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत कोरेल या तिथल्या ब्रँडची ताटं इतकी का दिसतात, हेही समजतं. १९७० साली आलेली तीन थरांच्या काचेची ती पातळ ताटं डिशवॉशरात उभी राहायलाच जन्मली आहेत. फक्त ओपलला उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच समजून गॅसवर ठेवू नका, त्याला थेट आच चालत नाही. आणि ते ‘फुटत नाही’ याचा अर्थ सहजी फुटत नाही, एवढाच. फुटलं की बारीक कणांनी सगळं स्वयंपाकघर भरतं, आणि पुढे कितीतरी दिवस फ्रिजखालून तुकडे निघत राहतात.

पण माझं मत यातल्या कशानंच ठरलं नाही. ते ठरलं वाटीनं.

ओपलचं नेहमीचं ताट घ्या, कंपनी कुठलीही असो. मधला सपाट भाग लहान, आणि भोवती रुंद, उतरती किनार. हा आकार ज्या जेवणासाठी घडला त्यात मध्ये एक मोठा पदार्थ आणि बाजूला दोन भाज्या असतात, किनार रिकामी राहते. आपल्याकडे मधल्या जागेवर भात, पोळी, उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, वर चिमूटभर मीठ आणि शिवाय आमटीची वाटी. ती वाटी कुठे ठेवणार? मध्ये ठेवली तर पोळीला जागा नाही. किनारीवर ठेवली तर ती तिरकी बसते, आणि ताट उचललं की हळूच घसरत भातात येते. टेबलावर जेवताना वाटी ताटाबाहेर ठेवता येते, पंगतीत तशी ठेवतातही. पण आमच्यासारख्या घरात निम्मी जेवणं सोफ्यावर, ताट हातात धरून होतात. तिथे बाहेर म्हणजे कुठे? त्यात आमटी थोडी पातळ असली की ती भातातून निघून त्या उतारावर चढते आणि ताट धरलेल्या अंगठ्याला लागते. एकदा लागली तर काही नाही. रोज लागते तेव्हा माणूस नकळत मांडणीतलं दुसरं ताट उचलायला लागतो.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. कुणी काही ठरवलं नाही, पण ओपलची ताटं खाली राहत गेली आणि स्टीलची वर.

ओपलमध्ये खणांची ताटंही मिळतात, ती वाईट नाहीत. पण खण ठरलेले असतात. तुमच्या घरी आज उसळ जास्त आणि भाजी कमी, हे त्या ताटाला सांगता येत नाही, आणि पोळी खणांच्या भिंतींवर आडवी पडून राहते. काही जण उभ्या काठाचं ओपलही आणून दाखवतील. ते मिळालं तर जरूर बघा, माझा निम्मा आक्षेप तिथेच संपतो.

स्टीलच्या ताटाला उभा काठ असतो आणि तळ काठापर्यंत सपाट असतो. वाटी कुठेही ठेवा, बसते. आमटी काठाला अडते. एवढंच. बाकीचे स्टीलचे दोष मी झाकत नाही. आवाज होतो, विशेषतः सकाळी सहाला. गरम आमटीची वाटी बोटांना चटका देते. आरशासारखं चकचकीत ताट चार महिन्यांत रेघोट्यांनी भरतं, म्हणून मॅट फिनिशचं मागा. आणि कड गोल वळवलेली असेल तर ती पूर्ण बंद आहे ना बघा, नाहीतर आत पाणी राहतं आणि पुसलेल्या ताटातून ऐन वाढताना ठिबकतं.

ग्रेडबद्दल एक गैरसमज आहे. दुकानात मंडळी चुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटलं तर ते बहुधा निकेल नसलेलं ४३० स्टील, इथपर्यंत ठीक. पण न चिकटलं म्हणजे चांगलं ३०४, असं नाही. २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यात निकेलचा बराचसा भाग काढून मँगनीज घातलेलं असतं, आणि मीठ-आंबटाला ते कमी टिकतं. ३०४ मध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. त्यामुळे यादीत नुसतं ‘स्टीलची ताटं’ लिहू नका. ‘३०४, मॅट, उभा काठ’ एवढं स्पष्ट लिहा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यायला सांगा. काका रागावणार नाहीत, त्यांनाही नेमकं काय आणायचं ते हवंच असतं.

यादीत ‘डिनर सेट’ हा शब्दही टाळा. सेट म्हटलं की खोकं येतं, आणि खोक्यात आपल्याला नको असलेला सूप बाऊल असतो, हव्या त्या वाट्या कमी पडतात. आमटी, उसळ आणि ताक किंवा आमरस धरला तर माणशी तीन वाट्या लागतात. सहा ताटं, अठरा वाट्या, सहा फुलपात्रं, असं सुटं लिहा. सुट्याचा दुसरा फायदा असा की आत्या ताटं देईल, मैत्रिणी वाट्या देतील, कुणावर भार नाही. पुढे दोन ताटं वाढवायची झाली तर तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला तशीच मिळून जातात. ओपलच्या सेटमधली एक बशी फुटली आणि तोवर ती नक्षी बंद झालेली असली, की मग सहाची पाच घेऊन बसावं लागतं.

ओपल पूर्ण बाद करा, असं मी भाचीला म्हटलेलं नाही. पोह्यांच्या बशा ओपलच्याच हव्यात. कांदेपोहे, खोबरं, कोथिंबीर पांढऱ्यावर जशी उठून दिसते तशी स्टीलमध्ये नाही, आणि बशीत वाटी ठेवायचा प्रश्न येत नाही. झाकणाचे दोन-तीन मोठे बाऊलही मागावेत, उरलेलं त्यातच गरम होतं. मायक्रोवेव्हचा मुद्दाही बराचसा तिथेच सुटतो.

राहिलं नाव घालणं. दुकानदार मशीन हातात घेऊन विचारणारच, आणि आत्याला ‘चि. सौ. कां.’पासून तारखेपर्यंत सगळं ताटाच्या मध्यभागी हवं असतं. तिला सांगा, नाव जरूर घाला, पण पाठीमागे. समोरच्या अक्षरांच्या खाचांत मोहरी अडकते.